चौथ्या खाटेचे पत्रक

१

संक्रांतीनंतरच्या चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, डॉक्टर सिद्धलिंगप्पा मोहोळ गावचा एक रोगी पाहून स्टेशनावरून थेट नेत्र-रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात शिरले, आणि चौथ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन थबकले. खाटेच्या लोखंडी गजांना दोरीने टांगलेली लाकडी पाटी जागेवर होती. पाटीवरच्या फितीची गाठही तशीच होती. फितीखाली कागदाचे दोन कपटे अडकले होते, नखाएवढे. रोग्याच्या रोजच्या नोंदीचे पत्रक मात्र नाहीसे झाले होते.

"डागदर, कपाळ लई ठणकतंय," खाटेवरून म्हाळसाबाई म्हणाली.

मंगळवेढ्याकडची ती मेंढपाळीण मोतीबिंदू काढल्यापासून पाच दिवस उताणी पडून होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि मान हलवायला सक्त मनाई. मुभा होती ती फक्त हातांना. छातीवर लोकरीच्या सुताची लड घेऊन ती दिवसभर तिचा गुंडा वळत असे. काळोखात बसलेल्या माणसाने काळोखच गुंडाळून ठेवावा, तसा.

डॉक्टरांनी पट्टी उतरवून उजवा डोळा पाहिला. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची बाहुली रुंद राहावी म्हणून तिला रोज दुपारी थेंब घालायचे असत. बाहुली रुंदावली नव्हती. मोहरीएवढी आकसली होती. समोरच्या खाटेवर काचबिंदूची ईरम्मा होती, तिचेही डोळे बांधलेले; बाकीच्या खाटा रिकाम्या होत्या. तिला नेमके उलटे, बाहुली आकसवणारे थेंब चालू होते. एकीचे थेंब दुसरीच्या डोळ्यात गेले होते.

त्यांनी योग्य थेंब घातले, पट्टी पुन्हा बांधली आणि हाक मारली. राजाबाई उपकरणांच्या खोलीतून धावत आली.

"दुपारी हिच्या डोळ्यात काय घातलंत?"

"ईरम्मांचे थेंब." तिचे शब्द सरळ उभे होते. "बाटली उचलताना माझी चूक झाली, डॉक्टर. थेंब पडल्यावर कळलं. तुमच्या हुकमाशिवाय दुसरे थेंब घालायचा मला अधिकार नाही, म्हणून तेव्हाच सगळं पत्रकावर लिहिलं. तुम्ही पाचला याल असं धरून होते."

"कुठल्या पत्रकावर?"

तिने पाटीकडे पाहिले. मग पलंगाखाली, खिडकीत, पुन्हा पाटीकडे.

डॉक्टर खाटेकडे वळले. "म्हाळसाबाई, दुपारी थेंब घालताना काही झालं का? राजाबाई काही म्हणाल्या?"

"काय बी न्हाय की!" म्हाळसाबाई ताडकन म्हणाली. "औषिद बराब्बर व्हतं. बाईची काय बी चूक न्हाय. ती काय बोलली न्हाय अन् तिनं काय लिवलं बी न्हाय."

राजाबाईची नजर म्हाळसाबाईच्या पट्टीवर खिळली.

"चूक मी विसरेन," डॉक्टर राजाबाईला दाराशी नेऊन खालच्या आवाजात म्हणाले. "हात आहे, चुकतो. पण चूक लपवायला पत्रक फाडणारी नर्स डोळे बांधलेल्यांच्या वॉर्डात मला नको."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता व्यवस्थापक मंडळी जमणार होती. राजाबाईच्या तीन वर्षांच्या शिक्षणाच्या प्रमाणपत्रावर त्या बैठकीत सही व्हायची होती.

२

महानंदाबाई येण्याआधी त्यांचे हसणे येई. पंचेचाळिशीच्या, उंच, ठसठशीत बांध्याच्या या बाईंनी वीस वर्षे नर्स म्हणून काढली होती, नंतर कायद्याची पुस्तके वाचली होती, आणि आता त्या वर्षातून एकदा मुंबईहून नर्सांच्या कामाची तपासणी करायला येत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टांग्यातून उतरल्या तेव्हा त्यांच्या ओच्यात तळ्यापलीकडे भरलेल्या गड्ड्याच्या यात्रेतून घेतलेल्या भाजक्या शेंगा होत्या.

"तपासायला फार काही उरलं नाही," डॉक्टरांनी सगळी हकीकत सांगून म्हटले. "दोषी सापडली आहे."

"मग घाई नको. सापडलेली माणसं कुठं पळत नाहीत." त्यांनी एक शेंग फोडली. "पाटी दाखवा."

पाटी खाटेच्या आतल्या अंगाला, म्हणजे रोग्याच्या पायांकडे तोंड करून टांगलेली होती.

"हे कुणी केलं?"

"म्या," आया केराबाई पदर खोचत पुढे आली. "खिडकीतनं वारं येतंय, कागुद फडफडतोय, अन् हिला झोप लागंना. परवा फिरीवली."

म्हणजे दारातून पाहणाऱ्याला पाटीची पाठच दिसणार. पत्रक गेले काय, राहिले काय, कळायला मार्ग नव्हता. महानंदाबाईंनी फितीखालचे कपटे निरखले. दोन्ही पत्रकाचे वरचे कोपरे होते. कागद खाली ओढला गेला होता आणि कोपरे फितीत राहिले होते. फितीची गाठ साधी होती. बोटाने टोक ओढले की सुटावी अशी.

"गाठ सोडायला एक क्षण लागतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चोराला तो एक क्षणसुद्धा का मिळू नये?"

औषधांच्या खोलीत कंपाउंडर मडिवाळप्पा घामाघूम बसला होता. वारा थंड होता.

"मला काही ठाऊक नाहीरी, बाई."

"मी अजून विचारलंच कुठं? थेंबांच्या बाटल्या बघू."

दोन बाटल्या पुढे आल्या. दोन्ही निळ्या, दोन्ही बुटक्या. फरक फक्त चिठ्ठीचा.

"या नेहमी अशाच असतात?"

मडिवाळप्पाने मान खाली घातली. "ईरम्माची उंच होती. संक्रांतीच्या दिवशी फुटली. नवी आणतो आणतो म्हणत राहिलो बघा."

"पत्रकावर चूक लिहिली गेली असती तर बाटल्यांचंही निघालं असतं. पत्रक नाहीसं झालं, तुम्हाला बरं वाटलं?"

त्याने ईरम्माची बुटकी बाटली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "हौद्री. वाटलं."

"शाबास. आज सकाळपासून ऐकलेलं पहिलं अवघड उत्तर."

त्या शाबासकीने त्याच्या आत काहीतरी सैल झाले. तो उठून उभा राहिला. "मग सगळंच सांगतो. एक वाजता पाहिलं, ईरम्माची बाटली हवी त्यापेक्षा उतरलेली. मनात पाल चुकचुकली. पत्रकावर काय लिहिलंय बघावं, जमलं तर काढून घ्यावं, म्हणून मी वॉर्डात गेलो. पापच ते. पाटीजवळ जाऊन बघतो तर..."

"तर काय?"

"माझ्याआधीच कुणीतरी पत्रक नेलं होतं."

३

"माज्यावर आळ घेताय व्हय?" केराबाईने कमरेवर हात ठेवले. "पंधरा वरसं ह्या दारात काढली. चिंधी उचलली न्हाय कुणाची."

"आळ नाही घेत, केराबाई. शेंगा घ्या. आणि काल बारा ते एक कुठं होता, तेवढं सांगा."

"हितंच, ओसरीवर. भाकरी खात व्हते." शेंगांनी तिचा राग थोडा उतरला. "पहारेकरी गड्ड्याला गेल्ता. फाटकाला कुलूप, अन् किल्ली माज्या कनवटीला. तीनपतोर चिमणी बी आत आली न्हाय."

"वॉर्डाला दुसरं दार?"

"न्हाय. खिडक्यास्नी गज."

"राजाबाई बाहेर कधी आल्या?"

"बाराचा भोंगा झाला, मग थोड्या येळानं. तोंड उतरल्यालं. उपकरणं उकळाय गेली ती चारपतोर हालली न्हाय. मग एकाच्या टायमाला ह्यो मडिवाळप्पा आत गेला, अन् भूत बघितल्यागत बाहीर आला."

महानंदाबाईंनी ओसरीच्या खांबाला पाठ टेकली. समोर तळ्याच्या पाण्यावर हिवाळ्याचे ऊन तुटून पसरले होते. पलीकडून पाळण्यांची कुरकुर आणि पिपाण्यांचा कल्लोळ येत होता. साऱ्या गावाला उत्सव दिसत होता, आणि इथे दोन बायकांना तो फक्त ऐकू येत होता. केराबाई खरे बोलत असेल, तर पत्रक नाहीसे झाले तेव्हा त्या खोलीत पट्ट्या बांधलेल्या या दोघींखेरीज कुणी नव्हते. आणि राजाबाईने जाताना ते लुगड्यात दडवले असेल, तर प्रश्नच मिटला होता.

त्या ईरम्माच्या खाटेशी बसल्या. अक्कलकोटकडची ही वृद्ध सुवासिनी कन्नडात विचार करी आणि मराठीत जपून पाय टाकी. तिचे दुखणे जुने होते. डोळ्यांचे काम तिने केव्हाच कानांवर सोपवले होते.

"काल दुपारी कोण कोण आलं, अव्वा?"

"यारू बरलिल्ल. कोणी नाही आलं." ती थांबली. "राजाबाईचे पाय मऊ. केराबाई घासत चालते. मडिवाळप्पा चोरासारखा चालतो, बिचारा."

"राजाबाई काही बोलत होत्या?"

"बोलत होती, हळू. म्हाळसाबाईशी. शब्द नाही कळले. मग कागदावर टाक चालला. मग ती गेली."

"टाक चालला म्हणजे लिहिलं खरं. पण काय लिहिलं, हे टाक सांगत नाही," महानंदाबाई पुटपुटल्या. "मग?"

"मग जोडवी वाजली."

"काय?"

"जोडवी. म्हाळसाबाईच्या पायथ्याशी. टिण्... टिण्. दोनदा. मग कागदाचा आवाज."

दारात उभ्या असलेल्या केराबाईने नकळत आपल्या पायांकडे पाहिले. ती विधवा होती. तिच्या बोटांत जोडवी नव्हती. राजाबाई अविवाहित होती, आणि नर्सने कामावर दागिना घालू नये असा नियमच होता. बंद फाटकाच्या, गजांच्या खिडक्यांच्या त्या वॉर्डात, भर दुपारी, जोडवी घातलेली एक बाई कुठून तरी आली होती आणि पत्रक घेऊन गेली होती.

४

राजाबाई उपकरणे पुसत होती. संध्याकाळी काढून टाकले जाणारे माणूस सकाळी इतक्या काळजीने काम करताना पाहून महानंदाबाईंना आपली पहिली नोकरी आठवली.

"एकच प्रश्न. चूक झाल्यावर म्हाळसाबाईंशी काय बोललात?"

राजाबाईचा हात थांबला. "ते विचारू नका."

"मी विचारते आहे."

"सांगितलं त्यांना," ती शेवटी म्हणाली. "चुकीचे थेंब पडले, दुखेल, डॉक्टर आल्यावर दुसरे घालतील, असं. डोळा त्यांचा. आधी त्यांना कळायला नको? लिहिलं तेही वाचून दाखवलं."

"अगं, मग ती तुझी साक्षीदार!" महानंदाबाई 'तू'वर आल्या. "डॉक्टरांना हे का नाही सांगितलंस?"

"म्हाळसामावशी नाही म्हणाल्या ना. त्यांना मी खोटं पाडू? डॉक्टर खोदून विचारतील. त्या घाबरतील, रडतील. जखमेला टाका नाही, बाई. शिंक आली तरी आम्ही देव आठवतो. मान उचलली तर जखम उघडेल." तिने चिमटा जागेवर ठेवला. "दहा दिवस पुरे होईपर्यंत त्यांना कुणी काही विचारायचं नाही."

"तोवर तुझं प्रमाणपत्र गेलेलं असेल."

"ठाऊक आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते दंडाला पुसले, कारण हात धुतलेले होते. "तीन वर्षं आईला सांगत आले, पुढच्या संक्रांतीला तुझी लेक नर्स होऊन येते. वाईट वाटत नाही असं नाही, बाई. लई वाटतं."

महानंदाबाई उठल्या. वॉर्डात येऊन त्यांनी केराबाईच्या कनवटीची किल्ली मागून घेतली, ती ईरम्माच्या खाटेजवळ शहाबादी फरशीवर टेकवली आणि हलकेच आपटली.

"जोडवी अशी वाजली का, अव्वा?"

"इल्ल, नाही. ते चालताना वाजतं."

मग त्यांनी किल्ली खाटेच्या पायथ्याच्या गजावर मारली. टिण्.

"हौदु!" ईरम्मा म्हणाली. "हेच. लोखंडावर."

"आणि चालण्याचा आवाज?"

"इल्लवे इल्ल. पावलं नव्हती."

महानंदाबाईंनी वळून समोरच्या खाटेकडे पाहिले. पाटी जिथे टांगली होती तिथे गज कमरेइतके उंच होते. चालणाऱ्या कोणत्या बाईची जोडवी कमरेइतक्या उंचीवर वाजतात? त्यांची नजर गजांवरून आत उतरली, घोंगडीच्या कडेवर आली, आणि त्यांना एवढे हसू लोटले की तोंडावर पदर धरून त्यांना ओसरीवर पळावे लागले.

५

"तिने? पायाने?" डॉक्टर सिद्धलिंगप्पा खुर्चीतून उठले.

"पायाच्या अंगठ्याने आणि शेजारच्या बोटाने. घोंगडीबाहेर दोन्ही पाय आहेत, बोटांत चांदीची जोडवी आहेत, आणि पाटी तिच्या पायांकडे तोंड करून वीतभर अंतरावर आहे. गाठ का सुटली नाही? पायाला गाठ सोडता येत नाही. कागद खाली का ओढला गेला? पाय खालची कड धरतो. धनगराच्या बायका अंगठ्यात टोक धरून दोर वळतात, डॉक्टर. तिचा अंगठा तुमच्या चिमट्याहून कमी नाही."

"पण मान?"

"गुडघा दुमडून तिने कागद हातापर्यंत आणला असेल; मान तसूभर हलवली नसेल. तुमचा हुकूम तिने पाळला आहे, तो पाळूनच चोरी केली आहे."

डॉक्टर खाली बसले. "कशासाठी?"

"काल तुम्ही तिला विचारलंत, तेव्हा ती काय म्हणाली? औषध बरोबर होतं. पट्टीखालच्या बाईला थेंबांतला फरक कसा कळणार? आणि कपाळ ठणकत असताना? ती राजाबाईला वाचवत होती. आपल्याच साक्षीने तिला बुडवते आहे, हे तिच्या गावीही नाही."

"मग कागद कुठे आहे? अंथरूण केराबाईने काल दोनदा झाडलं."

"तुम्हीच तिला लपवायची जागा दिलीत. हात रिकामे राहू नयेत म्हणून."

डॉक्टरांना उमगायला क्षणभर लागला. मग ते दाराकडे निघाले. "तो गुंडा आत्ता उलगडतो."

महानंदाबाई आडव्या आल्या. आता त्या हसत नव्हत्या. "गुंडा तिचा आहे. तिच्या हातातून तिच्या संमतीवाचून काही घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, मंडळींनाही नाही. ती नाही म्हणाली तर पत्रक तिथेच राहील, आणि त्या पोरीचं जे व्हायचं ते होईल. मला दहा मिनिटं बोलू द्या. तिच्या मनगटावर बोटं ठेवून तुम्ही शेजारी बसा. नाडी वाढली की मी थांबते."

साडेचारला त्या म्हाळसाबाईच्या उशाशी बसल्या. गुंडा तिच्या मुठीत होता, मोसंबीएवढा.

"म्हाळसाबाई, मी महानंदा. मान हलवायची नाही. फक्त ऐका. कागद कुठे आहे, मला ठाऊक आहे."

गुंडा वळणारा हात थांबला. मनगटावर बोटे तशीच ठेवून डॉक्टरांनी मान डोलावली: नाडी ठीक.

"मला ठावं न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली.

"बरं. कागदाची भीती का वाटते, तेवढं तरी सांगा."

बाहेर पिपाणी वाजत होती.

"माजा भाऊ, सिद्धनाथ," ती म्हणाली. "रानात मेंढरं शिरली म्हून शिपायानं कागुद केला. त्येच्यावर काय लिवलं देवाला ठावं. तीन महिनं आत ऱ्हायला. आमच्यात कागुद झाला की मानूस बुडाला. अन् ही पोर येडी! आपल्या हातानं आपल्यावर कागुद करती, वर मलाच वाचून दावती. रडत व्हती बिचारी. म्हनलं, म्हाळसे, तुजं डोळं बांधल्यात, पाय न्हाय."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिले.

"तुमची माया खरी," महानंदाबाई सावकाश म्हणाल्या, "पण हा कागद शिपायाचा नव्हे. डॉक्टर म्हणतात, राजाबाईने चूक लपवली. ती म्हणते, लिहून ठेवली. ती खरं बोलते, याला जगात एकच साक्षीदार आहे, आणि तो तुमच्या मुठीत आहे. पाच वाजता मंडळी येतील. तो नसेल, तर ती खोटारडी ठरून घरी जाईल."

डॉक्टरांच्या बोटांखाली नाडी एकदम धावली. त्यांनी हात वर केला. महानंदाबाई गप्प झाल्या. म्हाळसाबाईने दीर्घ श्वास सोडला. पट्टीखाली काय चालले होते, कुणालाच दिसत नव्हते.

"मावशी, रडायचं नाही हं," दारातून राजाबाईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती, कुणाला कळले नव्हते. "काही झालं तरी रडायचं नाही. माझं मी बघेन."

"गप गं," म्हाळसाबाई म्हणाली. "कोन रडतंय? केराबाई, हिकडं ये. टोक धर. सूत तुटलं तर बघ!"

६

ठीक पावणेपाचला व्यवस्थापक मंडळींचे अध्यक्ष महादेवप्पा, जरीकाठी उपरणे आणि प्रमाणपत्राची सुरळी घेऊन वॉर्डात शिरले, तेव्हा रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर दोन्ही हात पुढे पसरून उभे होते आणि आया त्यांच्या हातांभोवती लोकर गुंडाळत होती.

"काय चाललंय हो?"

"पुरावा काढतोय," महानंदाबाई म्हणाल्या. "तुम्हीही हात पसरा, अप्पा. डॉक्टरांचे हात भरले."

आडत बाजारात ज्यांच्यासमोर हमालही आवाज चढवत नसत, त्या महादेवप्पांनी सुरळी काखेत मारली आणि हात पसरले. मडिवाळप्पा दारात आला आणि गुंता सोडवू लागला. सूत संपेना. काळे, करडे, पुन्हा काळे. "हळू," म्हाळसाबाई उशीवरून हुकूम सोडत होती, "मेंढरू न्हवं ते, वढायला." ईरम्माला काय चालले आहे ते केराबाई सांगत होती, आणि ती कन्नडात पुन्हा पुन्हा विचारत होती, "मग? मग?"

शेवटचा फेरा सुटला. आत चिंचेएवढी, घट्ट वळलेली एक सुरळी होती. राजाबाई जागची हलली नाही. महानंदाबाईंनी कागद उलगडून डॉक्टरांपुढे धरला, कारण त्यांचे हात अजून लोकरीत होते. त्यांनी वाचले:

"दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. म्हाळसाबाई यांच्या उजव्या डोळ्यात ईरम्मा यांचे थेंब माझ्या हातून पडले. बाटल्या सारख्या आहेत, परंतु चिठ्ठी वाचणे माझे काम होते, आणि ती मी वाचली नाही. रुग्णास सांगितले. डॉक्टरांनी येताच प्रथम हा डोळा पाहावा. राजाबाई."

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा वाचले, या वेळी मनात.

"राजाबाई," ते म्हणाले, "काल मी तुम्हाला जे म्हटलं, ते खालच्या आवाजात म्हटलं. आज चार लोकांत सांगतो. मी चुकलो."

"त्याखाली माझंही लिहा," मडिवाळप्पा घाईने म्हणाला. "बाटलीचं. उंच बाटली आज आणली बघा. पण परवा आणायला हवी होती."

"लिहू," महानंदाबाईंनी टाक उचलला. "सगळ्यांचं लिहू. म्हाळसाबाई, तुमचंही. रुग्णाने पत्रक काढून घेतले, आणि स्वखुशीने परत दिले. चालेल?"

"कागुद झालाच म्हनायचा माज्यावर."

"झाला. पण ऐकल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. वाचून दाखवते."

म्हाळसाबाईने दोन्ही ओळी लक्षपूर्वक ऐकल्या. एक शब्द बदलायला लावला: 'काढून घेतले' नव्हे, 'सांभाळाय घेतले'. मग गंभीरपणे विचारले, "अंगठा हाताचा देऊ का पायाचा? काम त्येनं केलंय."

हसण्याचा असा लोट उठला की डॉक्टर ओरडले, "म्हाळसाबाई, हसायचं नाही! जखम!"

"म्या कुटं हसतेय? तुमीच हसताय की!"

आणि खरोखरच, त्या खोलीत तिचाच एक चेहरा स्थिर होता. ओठांच्या कोपऱ्यावरची एक बारीक सुरकुती तेवढी थरथरत होती.

महादेवप्पांनी हातांतली लोकर केराबाईकडे सोपवली आणि प्रमाणपत्र उलगडले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण चूक तर झालीच की हो. मंडळींना काय सांगू?"

"तीच सांगा," महानंदाबाई म्हणाल्या. "माझ्या वहीत ही चूक राहील, तारखेसह. पुसायची नाही. आणि शेजारी हेही राहील, की लिहिली तेव्हा ती कुणी पकडली नव्हती. जिची होती तिनेच लिहिली. आता तुमचं मन होत असेल तर सही करा, नसेल तर करू नका."

महादेवप्पांनी पत्रक मागितले आणि स्वतः वाचले, ओठ हलवत, व्यापारी माणूस करारनामा वाचतो तसे. मग खिडकीच्या कट्ट्यावर प्रमाणपत्र पसरले, दौत उघडली आणि टाक बुडवला.

"या, राजाबाई. तुमच्यासमोर करतो."

तळ्यापलीकडे कुठेतरी पाचचे टोल पडू लागले.

"जरा थांबता का, अप्पा?" राजाबाई म्हणाली. डोळे लाल होते, पण हात स्थिर. "डॉक्टरांनी कालपासून पाचलाही थेंब सांगितलेत. ते झाले की येते."

मडिवाळप्पाने औषधांच्या खोलीतून आणून दिलेली बुटकी बाटली तिने घेतली, ती उजेडात धरली, आणि चिठ्ठीवरचे नाव साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले. मग म्हाळसाबाईच्या पट्टीची गाठ सोडायला ती वाकली. महादेवप्पांनी टाकाची शाई दौतीच्या कडेला निथळवली, झाकण पुन्हा लावले, आणि ते भिंतीला टेकून वाट पाहत उभे राहिले.